डोंगर एका खात्यात, दर्या दुसऱ्या खात्यात

१८८२ साली निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मासळी आणि मासेमार यांची गाठ पडत नाही. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली तयार झालेल्या त्या जाडजूड ग्रंथात मासळी येते ती ‘उत्पादन’ या प्रकरणात, झाडं, जनावरं, साप आणि पक्षी यांच्या पंगतीला. ती मासळी धरणारा माणूस येतो ‘लोकसंख्या’ या प्रकरणात, जातींच्या यादीत. त्याचं कर्ज, त्याचा बाजार, त्याच्यावरचा कर यांना आणखी वेगळी प्रकरणं. कलेक्टर कचेरीला हवं ते पटकन सापडावं म्हणून केलेली ही सोय होती आणि सोय म्हणून ती उत्तम होती. नवल वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. पुढे चाळीसेक वर्षांत मुंबई विद्यापीठात समाजाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे विभाग उभे राहिले, तेव्हा त्यांनीही जवळपास याच खणांत समाज भरला. हे विभाग कुठे तुटले आणि कुठे जोडले गेले, हे ठरताना ज्ञानाच्या गरजेपेक्षा पद, अनुदान, पदवी आणि हाताशी असलेला तयार नमुना यांचं वजन अधिक पडलं, असं माझं म्हणणं आहे. त्यात नेमकं काय हातचं गेलं ते पाहायला विद्यापीठाच्या फोर्टातल्या राजाबाई टॉवरपेक्षा पालघरच्या पश्चिमेचं सातपाटी बंदर अधिक उपयोगी पडतं.

१८५७ साली स्थापन झालेलं मुंबई विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नव्हतं, परीक्षा घेत होतं. शिकवणं महाविद्यालयांचं काम. १९०४ च्या कायद्यानं विद्यापीठांना स्वतः अध्यापन करण्याची वाट मोकळी झाली, तरी मुंबईत समाजशास्त्राचा विभाग सुरू व्हायला १९१९ साल उजाडलं. अर्थशास्त्राचा विभाग दोन वर्षांनी, १९२१ मध्ये आला. समाजशास्त्राच्या खुर्चीवर पहिले बसले ते पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश गृहस्थ. शिक्षणानं जीवशास्त्रज्ञ, पेशानं नगररचनाकार, आणि स्वभावानं एका खुर्चीत न मावणारे. १९१४ पासून ते हिंदुस्थानातल्या शहरांवर अहवाल लिहीत फिरत होते. १९१८ चा इंदूरचा अहवाल त्यातला सर्वांत गाजलेला. त्यांच्या पदाचं नावच ‘समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचे प्राध्यापक’ असं दुहेरी होतं. फ्रेंच विचारवंत ल प्ले यांच्याकडून त्यांनी एक सूत्र घेतलं होतं: स्थळ, काम आणि लोक ही तीन अंगं एकमेकांपासून सोडवून समाज समजत नाही. ते समजावून सांगण्यासाठी ते एक आकृती काढत. डोंगराच्या माथ्यापासून समुद्रापर्यंत उतरत गेलेला खोऱ्याचा उभा छेद, आणि त्या उतारावर क्रमानं बसवलेले खाणकामगार, लाकूडतोडे, शिकारी, मेंढपाळ, शेतकरी, बागायतदार आणि अगदी शेवटी, पाण्याच्या काठावर, मासेमार.

ही आकृती स्कॉटलंड डोळ्यांसमोर ठेवून काढलेली, पण आजच्या पालघर जिल्ह्यावर ती थोड्या फेरफारानं बसते. (जिल्हा १ ऑगस्ट २०१४ चा, त्याआधी हा सगळा ठाण्याचाच उत्तर भाग.) वर जव्हार-मोखाड्याचे डोंगर, तिथं वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी. खाली विक्रमगड-मनोरच्या बाजूला भातखाचरं आणि जंगल यांची सरमिसळ. रेल्वेच्या पट्ट्यात व्यापारी पेठा. त्याच्या पश्चिमेला वाडवळ-भंडाऱ्यांच्या वाड्या, ताडामाडाची झाडं, आणि शेवटी खाडीच्या मुखाशी सातपाटी, पलीकडे मुरबे. मांगेला, वैती यांची दाट वस्ती. या उतारावरून माणसं आणि माल सतत खालीवर होतात. सुकट आणि सुके बोंबील किनाऱ्यावरून आठवड्याच्या बाजारांतून डोंगरात चढतात, लाकूडफाटा खाली उतरतो. आणि डोंगरातला माणूसही खाली उतरतो: या भागातले कितीतरी आदिवासी इथल्या आणि गुजरातेतल्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. गुजरातच्या बोटी पकडल्या गेल्यावर कराचीच्या तुरुंगात अडकलेल्यांच्या याद्या येतात, त्यांत डहाणू-तलासरीकडची आदिवासी नावं असतात ती त्यामुळे. नाखवा किनाऱ्यावरचा, खलाशी डोंगरातला आणि बोट एकच, अशी ही परिस्थिती आहे.

गेडिस मुंबईत पाच वर्षं राहिले आणि प्रकृतीमुळे १९२४ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलियेला निघून गेले. विद्यार्थी थोडे, अभ्यासक्रम सैल, व्याख्यानं विस्कळीत अशीच त्यांची कीर्ती मागे राहिली. पण जाण्यापूर्वी त्यांच्या शिफारशीनं विद्यापीठानं एका तरुण संस्कृतज्ञाला विलायतेला पाठवलं होतं. ते गोविंद सदाशिव घुर्ये, जन्म १८९३, गाव मालवण. समुद्राकाठच्या माणसाच्या हाती पुढची पस्तीस वर्षं विभाग राहिला, ही बाब नोंदवून ठेवण्याजोगी आहे. तिचा परिणाम मात्र अपेक्षेप्रमाणे झाला नाही. घुर्ये लंडनला जाऊन तिथं फारसे रमले नाहीत आणि केंब्रिजला डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांच्याकडे गेले. रिव्हर्स आणि त्यांच्यानंतर घुर्ये ज्यांच्या हाताखाली होते ते ए. सी. हॅडन, हे दोघेही १८९८ च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेतले. रिव्हर्स यांनी निलगिरीतल्या तोडा जमातीवर १९०६ मध्ये लिहिलेला ग्रंथ म्हणजे एका जमातीवरचं एक संपूर्ण पुस्तक कसं असावं याचा वस्तुपाठच. १९२४ मध्ये घुर्ये विभागप्रमुख म्हणून परतले ते हा नमुना मनात घेऊन. पुढल्या काळातली विभागाची आणि त्याच्या आसपासची पुस्तकं शेजारी शेजारी ठेवली, तर त्या नमुन्याची छाप लपत नाही.

के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं इंग्रजी पुस्तक १९४५ चं. घुर्ये यांचं महादेव कोळ्यांवरचं १९५७ चं. विजया पुणेकर यांचं मुंबईच्या सोनकोळ्यांवरचं १९५९ चं. घुर्येही त्याच वर्षी निवृत्त झाले. तीन समाज, तीन पुस्तकं. तिन्हींत कष्ट आहेत, माहिती भरपूर आहे, आणि आज पुसट झालेल्या कितीतरी चालीरीतींना तीच पुस्तकं साक्षीदार आहेत. ते ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पण ही पुस्तकं गेडिसच्या छेदावर मांडून पाहा. माथ्यावरचे वारली एका पुस्तकात, त्यांच्याच शेजारचे महादेव कोळी दुसऱ्यात, किनाऱ्यावरचे सोनकोळी तिसऱ्यात. आणि या तिघांना जोडणारी वाट, म्हणजे बाजार, कर्ज, जंगल, बोटीवरची मजुरी, कोणत्याच पुस्तकाचा विषय नाही. जात किंवा जमात हे अभ्यासाचं एकक ठरलं की तिच्या बाहेरचा माणूस त्या पुस्तकात पाहुण्यासारखा येतो आणि जातो. सातपाटीच्या वाट्याला तर पाहुणचारही आला नाही. तिथले मांगेला आणि वैती सोनकोळी नव्हेत, त्यामुळे मुंबईच्या कोळीवाड्यांवरच्या पुस्तकात त्यांना जागा नव्हती. आदिवासी नव्हेत, म्हणून डोंगरावरच्या पुस्तकांतही नव्हती.

मग त्यांच्या धंद्याचा विचार अर्थशास्त्रानं करायचा. पण शेजारच्या त्या विभागाची ओढ वेगळीकडे होती. पहिले प्राध्यापक के. टी. शहा आणि त्यांच्यानंतर दीर्घकाळ धुरा वाहणारे सी. एन. वकील यांच्या लेखणीचे विषय होते सरकारी वित्त, चलन, करभार, व्यापार आणि पुढे नियोजन. परकीय सरकारशी आकड्यांच्या भाषेत भांडायचं होतं, आणि ते भांडण या मंडळींनी चोख केलं. त्या रणांगणावर पापलेटला भाव नव्हता. राज्यशास्त्राचा स्वतंत्र विभाग तर १९४८ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्यानंतर सुरू झाला. त्याआधी सहा वर्षं, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, ‘चले जाव’ चळवळीत पालघरच्या कचेरीवर चाल करून गेलेल्या मोर्चावर गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे त्यांतले एक. बाकीचे नांदगाव, मुरबे, सालवड आणि खुद्द पालघर इथले. गावं आणि समाज वेगवेगळे, पण त्या दिवशी ते ज्या घटकाच्या नावानं एकत्र आले तो घटक म्हणजे किनारा ते पेठ हा मुलूखच होता. राष्ट्रवादाचा समाजशास्त्रीय अभ्यास विभागात होत नव्हता असं नाही. ए. आर. देसाई यांचा भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा प्रबंध घुर्ये यांच्याच मार्गदर्शनाखालचा, आणि तो १९४८ मध्ये ग्रंथरूपानं आला. पण तिथं उलट टोक होतं: एकक थेट देशाचं आणि वर्गांचं. जात आणि देश यांच्या मधला मुलूख दोन्हीकडून निसटला.

विद्यापीठानं सोडलेली ही जागा रिकामी राहिली नाही. ती सरकारी खात्यांनी भरली. मुंबई इलाख्याच्या सागरी मासेमारीवरचा १९३३ चा मोठा अहवाल एच. टी. सोर्ली या सनदी अधिकाऱ्यानं लिहिला. मत्स्यव्यवसायाचं स्वतंत्र खातं मुंबईत १९४५ मध्ये झालं. १९५० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेचे तज्ज्ञ शिडाच्या नावांना इंजिन कसं बसवावं याचा अभ्यास करत होते, आणि त्याच दशकात मच्छीमारांना यांत्रिक नौकांचं प्रशिक्षण देण्यासाठी सातपाटी निवडली गेली. या निवडीला कारण होतं. इथला मच्छीमार दालदा म्हणजे तरतं जाळं घेऊन खोल पाण्यात पापलेटमागे जाणारा, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे इथं सहकारी संस्थाही उभ्या राहिल्या होत्या. बर्फ, डिझेल, जाळ्यांचं सूत, मासळीची विक्री आणि हिशेब या सगळ्यांत त्यांनी दलालाची पकड ढिली केली. बोट, कर्ज आणि भाव यांची सांगड कशी बसते, बाया बाजार कसा सांभाळतात, वाटे कसे पडतात, ही सगळी माहिती संस्थांच्या वह्यांत आणि खात्याच्या फायलींत साठत गेली. २०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला, तोवर त्या मासळीबद्दलचं बहुतेक पद्धतशीर ज्ञान मत्स्यशास्त्रज्ञांचं आणि खात्याचं होतं. समाजाचा अभ्यास समाजाला हात घालणाऱ्यांनीच केला तर त्यात वाईट ते काय, असं कुणी विचारेल. वाईट काही नाही, पण खातं जे मोजतं ते खात्याला हवं असतं म्हणून. किती टन मासळी उतरली हे त्याला कळतं. उतरवणाऱ्या खलाशाची मजुरी कुणी आणि कोणत्या अटीवर ठरवली, हे त्याच्या फॉर्मवर नसतं.

आता या मांडणीवर जे आक्षेप येतील त्यांतला सर्वांत वजनदार आधी घेतो. घुर्ये यांनी जातीला एकक मानलं यामागे नमुन्याची सवय नव्हती, तातडीची गरज होती, हा तो आक्षेप. विसाव्या शतकाच्या आरंभी रिस्ली यांच्यासारखे अधिकारी नाकाच्या मापावरून जातींचा वंश ठरवत होते आणि जनगणनेच्या छापील पानांवर ते शास्त्र म्हणून मिरवत होतं. त्या मैदानात उतरून १९३२ च्या आपल्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या ग्रंथात घुर्ये यांनी त्या मापांचा पाया हलवला. ते केलं नसतं, तर सरकारी वंशशास्त्र विद्यापीठातही ठाण मांडून बसलं असतं. हा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. लढाई खरी होती आणि ती त्यांनी जिंकली. पण जिंकल्यावर जिंकलेल्या प्रदेशाचा नकाशा मात्र त्यांनी शत्रूचाच ठेवला. याचा पुरावा त्यांच्याच १९४३ च्या पुस्तकात आहे. आदिवासींचे अभ्यासक व्हेरिअर एल्विन यांच्याशी वाद घालताना त्यांनी ठासून मांडलं की तथाकथित आदिवासी हे वेगळं जग नव्हे, ते आजूबाजूच्या हिंदू समाजाशी शतकानुशतकं गुंतलेले आहेत आणि त्यांना कुंपणात ठेवण्यात हित नाही. या गुंत्याच्या राजकीय निष्कर्षाबद्दल वाद होऊ शकतो. पण गुंता आहे हे पटलं असेल, तर अभ्यासाची पुस्तकं त्या गुंत्यावर निघायला हवी होती. निघाली ती एकेका समाजावर. सिद्धान्त संबंधांचा आणि प्रबंध एकेका खणाचे, ही विसंगती एका माणसाच्या विचारातली नव्हे. पदवीच्या यंत्रणेतली आहे. एका विद्यार्थ्याला दोन-तीन वर्षांत प्रबंध संपवायचा असतो. एक जात, एक तालुका, ठरलेली प्रकरणं हे जमण्यासारखं असतं. डोंगरापासून दर्यापर्यंतची वाट जमण्यासारखी नसते.

दुसरा आक्षेप गेडिस यांच्या बाजूनं नव्हे, त्यांच्या विरोधात येतो, आणि तो योग्यच आहे. त्यांच्या देखण्या छेदात सावकार नाही, जात नाही, मामलेदार नाही आणि जंगलखातंही नाही. त्या आकृतीतला लाकूडतोड्या आणि मासेमार गुण्यागोविंदानं देवाणघेवाण करतात. खऱ्या उतारावर मात्र १९४५ ते ४७ या काळात उंबरगाव-डहाणूच्या वारल्यांना वेठबिगार आणि लग्नगड्याची, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी राबणाऱ्याची, गुलामी मोडण्यासाठी उठावं लागलं. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला गोळीबार झाला आणि माणसं मेली. त्या लढ्याचं सर्वांत वाचलं गेलेलं मराठी वर्णन कोणा विभागातून आलं नाही. ते किसान सभेच्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकातून आलं. तेव्हा गेडिस राहिले असते तर सगळं आलबेल झालं असतं असं मी म्हणत नाही. त्यांच्या आकृतीत उत्तर नव्हतं, पण प्रश्न होता: वरच्या माणसाचं जगणं खालच्या माणसाच्या जगण्याशी कशानं बांधलं आहे? तो प्रश्न १९२४ नंतर कोणत्याच विभागाच्या परीक्षेत विचारला गेला नाही. दर्यावरचे प्रश्न तर त्याहून दूर राहिले. वसई-उत्तनचे डोलकर समुद्रात खुंट ठोकून, म्हणजे कव मारून, डोल लावतात. सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार म्हणतात की या कवींनी आमच्या तरत्या जाळ्यांची वाट अडते. हा वाद पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. उघड्या समुद्रात मालकी कशी तयार होते हा समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि कायदा यांच्या सीमेवरचा अस्सल प्रश्न, आणि तो बहुतेक वेळा बैठका आणि बंदोबस्त यांवर सोडला गेला.

पुढच्या काळात भिंतींना खिडक्या पडल्या हे खरं. १९३६ मध्ये टाटा संस्थेनं समाजकार्याचं शिक्षण सुरू केलं तेव्हाच शास्त्रांपेक्षा प्रश्न मध्यभागी ठेवण्याची दुसरी रीत मुंबईत आली होती. १९६९ मध्ये धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आली आणि विभागाबाहेरून पैसा मिळण्याची सोय झाली. खुद्द मुंबईच्या समाजशास्त्र विभागातल्या इंद्रा मुन्शी यांनी १९८० च्या दशकापासून ठाण्याच्या डोंगरपट्ट्यावर लिहिलं ते जंगल, शेती, वारली उठाव आणि त्यातल्या बाया यांना एकत्र धरून. पण तोवर किनाऱ्यावर वेगळाच इतिहास घडून गेला होता. १९६९ मध्ये तारापूरची अणुभट्टी वीज देऊ लागली, बोईसरला रासायनिक कारखान्यांची वसाहत वाढली, नव्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. यांतला प्रत्येक बदल उताराच्या सगळ्या पायऱ्यांना एकदम भिडणारा होता आणि त्याचा अभ्यास प्रकल्पागणिक, अहवालागणिक, ज्याचा त्यानं केला.

शेवटी एक गोष्ट माझ्याच मांडणीच्या आड येते आणि ती टाळता येत नाही. तारापूरच्या कारखान्यांचं सांडपाणी खाडीत आणि समुद्रात जातं, मासळी मरते, या तक्रारीवर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात दाद मागायला गेलं कोण? सहकारी संस्थांचा संघ नव्हे, एखादा पर्यावरण गटही नव्हे. गेली ती अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. म्हणजे ज्या जातीच्या एककाला मी वर दोष दिला, तेच एकक घेऊन लोक कारखान्यांविरुद्ध उभे राहिले. घुर्ये यांचे पाठीराखे म्हणतील, पाहा, जात हाच इथल्या समाजाचा खरा सांगाडा. मला त्यातून वेगळं दिसतं. जातीला पुस्तकात घेतलं यात चूक नव्हती. चूक होती तिला उगम, पेहराव, लग्नविधी आणि देवदेवता या क्रमात बसवून भूतकाळाची वस्तू करण्यात. मांगेला समाज परिषद ही जात आहे, व्यवसायाची संघटना आहे, किनाऱ्याच्या मालकीची दावेदार आहे आणि कायद्यापुढची अर्जदारही आहे, हे सगळं एकाच वेळी. प्रदूषण नियंत्रण मंडळानं पाण्याचे नमुने तपासले, न्यायाधिकरणानं नुकसानभरपाईचा हिशेब मांडायला लावला आणि कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. या प्रकरणाचे कागद समाजशास्त्राच्या ग्रंथालयात ठेवायचे की अर्थशास्त्राच्या, राज्यशास्त्राच्या की कायद्याच्या, असा प्रश्न विद्यापीठाच्या कालिना संकुलातल्या कुणा ग्रंथपालापुढे आला, तर १८८२ च्या गॅझेटियरची अनुक्रमणिका त्याला काडीचीही मदत करणार नाही.